धुराड्यातला एकटा बूट

प्रश्न : इंग्लंडमधील सफक परगण्यात आम्ही सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे, लाकडी सांगाड्याचे घर घेतले आहे. शेकोटीची दुरुस्ती करताना धुराड्यातल्या एका कोनाड्यात लहान मुलाचा एकच झिजलेला बूट सापडला. शेकोटीवरच्या तुळईवर कोरलेले सहा पाकळ्यांचे फूल आहे आणि शेजारी थेंबाच्या आकाराचे जळके डाग आहेत. सासूबाई म्हणतात, ही करणी आहे, बूट बाहेर टाका. गवंडी म्हणतो, तो होता तिथेच राहू द्या. काय करावे?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : बूट कृपया टाकू नका. करणी दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून केली जाते. आपल्या धुराड्यातला बूट मात्र बहुधा त्या घरातल्याच कोणी, घराचे भले व्हावे म्हणून ठेवला असावा. आपल्याकडे नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतात, त्या कृतीशी याचे नाते अधिक जवळचे आहे, असे सासूबाईंना अवश्य सांगा.

असे बूट इंग्लंडमध्ये इतके सापडतात, की चर्मकामासाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्थम्प्टन शहराच्या संग्रहालयात त्यांची स्वतंत्र नोंदवही आहे. तेथील पादत्राण-अभ्यासक जून स्वॅन यांनी १९५०च्या दशकात या नोंदी सुरू केल्या आणि आज त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. या नोंदी एकत्र पाहिल्या, की आपल्या बुटाचे सगळे विशेष त्यांत भेटतात : बूट बहुतेक वेळा एकटाच असतो, जवळजवळ नेहमी वापरून झिजलेला असतो, पुष्कळदा लहान मुलाचा असतो आणि धुराडे, छप्पर, भिंतीतली पोकळी किंवा दाराखिडकीभोवतालची जागा येथेच सापडतो. जुन्या उदाहरणांपैकी एक विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये, १३०८ साली बसवलेल्या लाकडी आसनांच्या मागे मिळाले.

बूटच का, याचे उत्तर तो ठेवणाऱ्यांपैकी कोणीही लिहून ठेवलेले नाही. राल्फ मेरिफिल्ड या पुरातत्त्वज्ञांनी बकिंगहॅमशरमधील नॉर्थ मार्स्टन या गावचे धर्मगुरू जॉन शॉर्न यांच्या आख्यायिकेकडे लक्ष वेधले होते. चौदाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या या धर्मगुरूंनी सैतानाला बुटात कोंडले, अशी लोकांची श्रद्धा होती. मला स्वतःला दुसरे एक कारण अधिक पटते : अंगावरच्या सगळ्या वस्तूंमध्ये वापरणाऱ्याचा आकार कायमचा धरून ठेवते ती पादत्राणाची जोडीच, आणि झिजलेला बूट म्हणजे त्या माणसाचा ठसाच. धुराडे हे घराचे असे तोंड आहे, की ज्याला दार नाही आणि कडीही नाही. तिथे घरातल्याच कोणाची तरी राखण बसवावी, असे वाटणे समजण्यासारखे आहे.

आपल्या भागात १६४५ साली बरी सेंट एडमंड्स येथे चेटकीण ठरवून एकाच दिवशी अठरा जणांना फाशी दिले गेले, त्यामुळे प्रत्येक खुणेचा संबंध त्या भयाशी जोडण्याचा मोह होतो. बुटाबाबत तो आवरावा. नोंदवहीतले सर्वाधिक बूट एकोणिसाव्या शतकातले आहेत, म्हणजे चेटुकविरोधी कायदा १७३६ मध्ये रद्द होऊनही साठहून अधिक वर्षे उलटल्यानंतरचे. आपला बूट कोणत्या काळातला, हे त्याची शिवण, टाच आणि तळवा पाहून जाणकार सांगू शकतील.

फुलाविषयी मी अधिक सावध राहीन. कंपासाचा कोन न बदलता परिघावर टोक ठेवत गेले, की सहा पाकळ्या आपोआप उमटतात, आणि सुतार-गवंडी ही भूमिती कामासाठीही वापरत असत. त्यामुळे अशी प्रत्येक आकृती रक्षणचिन्ह असते, असे म्हणता येत नाही. मात्र ती शेकोटीच्या तुळईवर असणे आणि शेजारी जळके डाग असणे, हे रक्षणाच्या बाजूचे पुरावे आहेत. हे डाग मेणबत्ती चुकून कलंडल्यामुळे पडले, असे पूर्वी मानले जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की थेंबाचा रेखीव आकार हवा असेल तर ज्योत लाकडाशी तिरपी धरून काही वेळ तशीच स्थिर ठेवावी लागते. म्हणजे कोणीतरी मुद्दाम उभे राहून हे केले होते. आगीला आधीच थोडा घास देऊन मोठी आग टाळावी, अशी त्यामागची कल्पना असावी, असे काही अभ्यासक मानतात.

या साऱ्याचा अर्थ जागेवरून लागतो, म्हणून गवंड्याचे म्हणणे मला मान्य आहे. बूट उचलण्याआधी निघालेल्या विटांसह कोनाड्याची छायाचित्रे घ्या, जमिनीपासूनची उंची मोजा, आणि बूट आधीच बाहेर काढला असल्यास तो नेमका कुठे व कोणत्या दिशेला तोंड करून होता, हे गवंड्याकडून आजच लिहून घ्या. बूट धुऊ नका, त्याला तेल लावू नका, उष्णतेजवळ किंवा बंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका. नॉर्थम्प्टनच्या संग्रहालयाला कळवा. नोंद झाल्यावर तो पुन्हा कोनाड्यात ठेवता येईल, आणि अनेक कुटुंबे तसेच करतात. तुळई घासून रंगवण्याचा बेत असेल तर तो कृपया सोडून द्या. घर वारसा-यादीत असेल, तर अशा बदलाला आधी परवानगीही लागू शकते.

प्रश्न : केंट परगण्यातील नोल या वाड्यात राजाच्या खोलीत चेटुकविरोधी खुणा आहेत, असे वाटाड्याने सांगितले. ही पर्यटकांसाठी रचलेली कथा आहे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. २०१४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तेथील फरशीच्या फळ्या उचलल्या, तेव्हा खालच्या तुळयांवर आणि शेकोटीपाशी एकमेकांत गुंतलेले इंग्रजी 'व्ही', चौकटींचे जाळे आणि जळके डाग आढळले. वृक्षवलयांवरून ती ओकची झाडे १६०५-०६ च्या हिवाळ्यात तोडल्याचे कळते. राजा पहिला जेम्स याला संसदेसह उडवून देण्याचा कट नोव्हेंबर १६०५ मध्ये उघडकीस आला होता, आणि वाड्याचे मालक टॉमस सॅकव्हिल हे त्याच राजाचे खजिनदार होते. जेम्सने स्वतः चेटुकविद्येवर ग्रंथ लिहिला होता. जोड-'व्ही' ही कुमारी मेरीच्या 'व्हर्गो व्हर्जिनम' (कुमारिकांमधील कुमारी) या लॅटिन बिरुदाची आद्याक्षरे मानली जातात. ती कोरणाऱ्या सुताराला हा अर्थ ठाऊक होता की ती केवळ परंपरेने चालत आलेली खूण होती, हे लाकडावरून ठरवता येत नाही. ज्या राजासाठी ही खोली सजवली, तो तिथे कधी आलाच नाही.