गुडघे कुरकुरतात, वासोटा खुणावतो

प्रश्न : वय 57. श्रावणात, धबधबे भरात असताना वासोटा किल्ल्यावर जाईन म्हणते. झेपेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, झेपेल, पण श्रावणात नव्हे. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. धबधब्याची हौस भांबवलीच्या वजराईवर भागवा, तीन टप्प्यांत कोसळतो. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी कनवटीला असू द्या.

वासोट्याला दिवाळीनंतर निघा. वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडायचा. चढ गर्द झाडीतला, ऊन टोचत नाही. गुडघे बोलतात ते उतरताना. मागच्या खेपेला मी काठी घरीच विसरले. वाटेतल्या वाळक्या फांदीने कशीबशी लाज राखली. बाबूकड्याच्या टोकाशी मात्र फोटोसाठी जाऊ नका. आणि बोटवाल्याने दिलेली वेळ पाळा, तो थांबत नाही.