शेवटची गाडी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सीनियर संघाबरोबर सहायक म्हणून जायचं की चौदा वर्षांखालच्या पोरींना शिकवत राहायचं, हे तू मला विचारतेस. पण पोरींना शिकवणं म्हणजे मागे पडणं, ही भीती तुझ्या ओळीओळीत आहे. म्हणून आधी जपानच्या फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक आसाको ताकाकुरांबद्दल लिहिते.

त्या 1968 च्या, फुकुशिमाच्या. शाळेत असतानाच फुटबॉलच्या सरावासाठी आगगाडीने टोकियोला जायच्या, अडीचशे किलोमीटरहून लांब. 1984 मध्ये, सोळाव्या वर्षी, राष्ट्रीय संघात आल्या. जपानमध्ये महिलांची लीग सुरू झाली ती त्यानंतर, 1989 मध्ये. म्हणजे देशासाठी आधी खेळल्या, लीग मागून आली! 1991 मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. जपान तिन्ही सामने हरला. ब्राझीलकडून 0-1, स्वीडनकडून 0-8, अमेरिकेकडून 0-3. बारा गोल खाल्ले आणि केला एकही नाही. त्या संघात ताकाकुरा होत्या.

आता 2014 बघ. कोस्टा रिकात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक होता आणि जपानच्या प्रशिक्षक ताकाकुरा होत्या. सहा सामने, सहाही जिंकले, अख्ख्या स्पर्धेत एकच गोल खाल्ला. अंतिम सामन्यात स्पेनला 2-0 ने हरवलं. 0-8 ची ती संध्याकाळ ज्या बाईने मैदानावर सोसली, तिच्या हाताखालच्या पोरी तेवीस वर्षांनी जगज्जेत्या झाल्या. हे लिहितानाही माझा गळा दाटून येतो.

पण तुझ्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. त्या संघातल्या हिना सुगिता आणि युई हासेगावा या दोघींना स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंसाठीचे सोन्याचे आणि चांदीचे चेंडू मिळाले. दोन वर्षांनी पापुआ न्यू गिनीत वीस वर्षांखालील विश्वचषक झाला, तिथेही या दोघी होत्या, ताकाकुराच प्रशिक्षक होत्या आणि जपान तिसरा आला. 2016 मध्येच राष्ट्रीय महिला संघ त्यांच्याकडे आला. त्या संघाची धुरा प्रथमच एका बाईकडे आली होती. मग हासेगावा आणि सुगिताही तिथे पोचल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला हाताशी धरून तिला मोठ्या संघापर्यंत वाढताना बघणं किती प्रशिक्षकांच्या नशिबी येतं? मला ते भाग्य फक्त एकदाच लाभलं, तुझ्या बाबतीत.

मोठ्या संघाचं सगळं गोड झालं असं नाही. 2018 चा आशिया चषक जिंकला. 2019 च्या विश्वचषकात अगदी शेवटच्या मिनिटांत नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली, त्यावर त्यांनी गोल केला आणि जपान बाहेर पडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये घरच्या मैदानावर उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने 3-1 ने हरवलं आणि ताकाकुरांनी पद सोडलं. सीनियर संघाचा हिशेब असा निकालावर होतो. तो मान मोठा आहे, तू एक दिवस तिथे जावंस असं मलाही वाटतं. पण हासेगावा आणि सुगिता 2023 च्या विश्वचषकातही जपानकडून खेळल्या, तेव्हा प्रशिक्षक दुसरेच होते. लहान वयात घातलेला पाया असा दुसऱ्याच्या संघात उभा राहतो.

2022 मध्ये जपानच्या सतरा वर्षांखालच्या मुली गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर खेळल्या, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून मागे कोण आहे ते बघायच्या, प्रत्येक जण, प्रत्येक वेळी. ही सवय विशीत लागत नाही गं. ती तुझ्या पोरींच्या वयातच लागते. उद्यापासून पासिंगच्या सरावात एवढंच बघ, बाकी चुकलं तरी ओरडू नकोस.

म्हणून माझं म्हणणं असं: दोन वर्षं थांब. ही तुकडी सोळाची होऊ दे, तिच्याबरोबर वर जा.

आणि ती एसटीने येणारी पोरगी, जिचे घरचे आता नको म्हणताहेत, तिला सोडू नकोस. शेवटची गाडी साडेसहाची असेल तर तिला सहाला मोकळं कर, स्ट्रेचिंग घरी करेल. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस येऊ दे. रविवारी मी येते, आपण दोघी तिच्या आईला भेटून येऊ.

तुझ्या,
मॅडम