शाळेच्या ड्रेस कोडमुळे मुलांच्या अभ्यासात खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की बूट, मोजे, टाय, केस यावरून शाळा एवढी कडक वागते त्याने मुलं जास्त शिकतात का, आणि तुमच्या सातवीतल्या मुलीला काळ्या बुटांऐवजी सँडल घातले म्हणून पहिला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं. वाचून वाईट वाटलं. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात १८ वर्षं गणित शिकवतेय, सकाळी गेटवर ड्युटी करून मीही मुलांना बाजूला काढलंय, तेव्हा जे बघितलंय तेच लिहिते.

युनिफॉर्मला माझा विरोध नाही. माझ्या वर्गात बाप जहाजावर नोकरीला असलेला मुलगा आणि बागायतीत रोजावर जाणाऱ्या आईचा मुलगा एकाच बाकावर बसतात आणि शर्टावरून कोण कुठला ते कळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण युनिफॉर्ममुळे मार्क वाढतात म्हणाल तर तसं काही नाही. अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय, १९९८ साली ब्रन्स्मा आणि रॉकेमोर या दोन संशोधकांनी दहावीच्या मुलांची माहिती तपासली तर हजेरी, वागणूक कशातच युनिफॉर्ममुळे सुधारणा दिसली नाही, मार्कांत उलट किंचित घटच. पुढे २०१२ साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या शहरातल्या शाळांवरच्या अभ्यासात मोठ्या वर्गांतल्या मुलींची हजेरी थोडी वाढलेली दिसली, बस. मला सगळ्यात पटलेला अभ्यास केनियातला आहे, तिथे गरीब मुलांना युनिफॉर्म फुकट दिला तर शाळा बुडवणं बरंच कमी झालं, पण काही वर्षांनी परत बघितलं तर तो फायदा टिकलेला नव्हता. म्हणजे अंगावर घालायला नाही म्हणून मूल घरी राहत असेल तर कपडा दिल्याने ते शाळेत येतं, पण आल्यावर त्याला शिकवायचं आपल्यालाच असतं ना!

आता आपल्याकडचं बघा. गोव्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जुलैमध्ये सकाळी साडेसातला गेटवर उभं राहिलं की कदंबा बसमधून उतरलेली मुलं गुडघ्यापर्यंत भिजून येतात, मोजे पिळले तर पाणी निघेल अशी अवस्था, आणि काळे बूट दोन दिवस ओले राहिले की आतून पांढरी बुरशी धरते. घरी काय चाललेलं असतं तेही सांगते, रात्री धुतलेला शर्ट फ्रीजच्या मागे, स्कर्ट पंख्याखाली खुर्चीवर, आणि सकाळी मोज्यांवरून इस्त्री फिरवायची तोवर लाईट जाते. एका आईने मला गेटवरच सांगितलं, 'टीचर, युनिफॉर्म सुकूंक ना,' म्हणजे सुकलाच नाही, आणि मुलगा मागे रंगीत टीशर्टमध्ये मान खाली घालून उभा. नियम होता म्हणून मी त्याला ऑफिसात पाठवलं. तिथे नाव लिहा, डायरीत शेरा, घरी फोन, यात पहिला तास गेला. त्या आठवड्यात तो असा तीनदा बाहेर राहिला आणि तिन्ही वेळा पहिला तास माझाच होता, अपूर्णांकांची बेरीज चालू होती. छेद वेगळे असले की आधी सारखे करायचे हे त्याने ऐकलंच नव्हतं, चाचणीत त्याने वर वर आणि खाली खाली बेरीज करून ठेवली होती. पेपर तपासताना मला कळलं की हे मी केलंय. त्यानंतर मी एकाही मुलाला कपड्यावरून वर्गाबाहेर ठेवलेलं नाही, हेडकडून दोनदा बोलणीही खाल्ली.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही. आमच्याकडे पीटीच्या दिवशी पांढरा युनिफॉर्म असायचा. मी हजेरीचा कॅटलॉग घेऊन बसले तर आठवी-नववीच्या मुलींची गैरहजेरी त्याच वारी जास्त. एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं तर हळूच म्हणाली, डाग पडला तर दिसतो. पाळी आली की पांढऱ्या दिवशी घरी राहायचं, असं त्या मुलींनी आपापसात ठरवूनच टाकलेलं. दर महिन्याला एक दिवस धरा, वर्षाचे किती तास झाले! पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला दोन आयांनी हा विषय लावून धरला तेव्हा कुठे गडद निळी ट्रॅकपँट आली, आणि पुढच्या वर्षी त्या वारी वर्ग भरलेला दिसायला लागला.

टायचं तर मला समजतच नाही. २०२५ पासून वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्या उकाड्यात गळ्याशी टाय आवळून बसलेल्या मुलाचं लक्ष फळ्यावर कसं राहणार? केरळात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलगे-मुली सगळ्यांना गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट दिला, म्हणजे मुलींना धावता-उड्या मारता यावं, असा विचार आपल्याकडे का होऊ नये? खर्चाचंही तसंच, केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या आठवीपर्यंतच्या सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमातींचे, दारिद्र्यरेषेखालचे मुलगे यांच्यामागे वर्षाला ६०० रुपयांपर्यंत धरलेत, दोन जोडांसाठी. बाकी शाळांत रोजचा वेगळा, पीटीचा वेगळा, हाउसचा टीशर्ट वेगळा, वर बूट, आणि सगळं ठरलेल्या एकाच दुकानातून. ज्या घरात एकच जोड आहे तिथलंच मूल पावसात पकडलं जातं, हे मी गेटवर दरवर्षी बघते.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर तुम्ही गप्प बसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं, आणि तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, तुमची मुलगी त्यातच येते. पण भांडायला जाऊ नका, आधी वर्गशिक्षिकेला भेटा, बऱ्याचदा तिलाही हे आवडत नसतं पण वरून सांगितलेलं असतं. मग हेडना लेखी द्या, दोनच गोष्टी मागा: पावसाळ्यात सँडल चालतील असं सर्क्युलर काढा, आणि कपड्याबद्दल जे काय असेल ते पालकांना कळवा, मुलीला वर्गात बसू द्या. अर्जाची एक प्रत पोच घेऊन ठेवा. आणखी तीन-चार पालकांच्या सह्या मिळाल्या तर बघाच, आमच्याकडे ट्रॅकपँट तशीच आली. आणि त्या दिवशी बुडलेल्या तासाला काय शिकवलं ते मुलीला शाळेतून विचारून यायला सांगा, गणित असेल तर इथेच कमेंटमध्ये धडा लिहा, मी समजावून सांगते.