आता उघडलंच आहे तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले आजोबांच्या ट्रॅक्टरचे, इंटरनॅशनल बी-२७५चे, शेडमधले फोटो तीन-तीनदा बघितले. बोनेट भिंतीला टेकवलेलं, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पोत्यावर उताणं, रॉकर शाफ्ट कडब्याच्या पेंढीवर आणि सगळे नट-बोल्ट एकाच घमेल्यात. आणि खाली तुझा प्रश्न : ‘काका, विकू का पुरा करू? डोकं चालत नाही.’ चुलते म्हणतात भंगारात घाल, हायवेवरचा हॉटेलवाला दारात शोभेला उभा करायला मागतोय, आणि तू दोन महिने शेडकडे फिरकलेला नाहीस.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. तसलं घमेलं आमच्या घरात नऊ वर्षं होतं.

विकायचा का ठेवायचा, हे मी सांगणार नाही. तुझा त्याच्यावर जीव आहे हे मला माहीत आहे, नाहीतर तू एवढं लिहिलंच नसतंस. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. एक उघड, ते बंद कर, मग दुसरं उघड.

आमच्या वडिलांचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर होता. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनलेला, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन. १९६८ साली त्यांनी तो सेकंडहँड घेतला. संध्याकाळी ओढ्याच्या चढाला त्याचा आवाज आला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. १९८९च्या उन्हाळ्यात त्याची लिफ्ट खाली बसायला लागली. नांगर उचलून बांधापर्यंत जाईस्तोवर फाळ जमिनीला टेकायचा. दोष एवढाच होता की लिफ्टच्या पिस्टनची रिंग गेली होती. सीटखालचं मोठं झाकण काढायचं, रिंग बदलायची, झाकण लावायचं. एका दिवसाचं काम.

मी झाकण काढलं. आत तेलात बुडालेला हायड्रॉलिकचा पंप दिसला आणि म्हणालो, आता उघडलंच आहे तर पंपही बघू. पंप काढला. मग म्हणालो, आता उघडलंच आहे तर क्लच घसरतोय तोही करून टाकू. त्या ट्रॅक्टरचा क्लच बघायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भाग करावे लागतात. केले. मग इंजिन पुढ्यात मोकळंच उभं होतं. आता उघडलंच आहे तर इंजिनही भरून, म्हणजे झिजलेले भाग बदलून, घेऊ. लेका, या चार शब्दांनी जेवढे ट्रॅक्टर मारले तेवढे गंजानेसुद्धा मारले नसतील.

मृग लागला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने केली. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ग्राइंडिंगला दिला होता, त्या माणसाने दुकान हलवलं आणि क्रँक परत मिळायला दीड वर्ष गेलं. तोवर कनेक्टिंग रॉडच्या कॅपा एकमेकींत मिसळल्या होत्या. ज्या रॉडची कॅप त्याच रॉडला, त्याच बाजूने लागते, हे मला माहीत होतं. खुणा करायच्या तेवढ्या राहिल्या. ब्लॉकवर पोतं टाकलं होतं. ते पावसाळ्यात ओलं झालं आणि सिलिंडर आतून गंजले. १९९८ला भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि आमचा फर्ग्युसन तुकड्या-तुकड्याने वजनकाट्यावर चढला. वडील ओट्यावर बसून बघत होते. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढेही कधी बोलले नाहीत.

घरचे अजून म्हणतात की मी हलगर्जीपणा केला. मी आळशी नव्हतो. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न झालं, पुढच्या साली विहीर आटली, उसाचं बिल वेळेवर मिळालं नाही. हे सगळं खरं आहे, कुणीही तपासून बघावं. पण पैसा आणि वेळ मिळाला तेव्हाही मी शेडमध्ये जाऊन नुसता उभा राहायचो. सगळं एकदम उघडलं की प्रत्येक काम दुसऱ्या कामासाठी अडून बसतं. क्लच इंजिनासाठी थांबतो, इंजिन क्रँकसाठी, क्रँक पैशासाठी. कुठे हात घालावा तेच कळत नाही. तुझं डोकं चालत नाही ते याच्यामुळे, तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही.

आता तुझ्या ट्रॅक्टरचं. तुझ्या फोटोवरून दिसतं की हेड आणि वरचा पत्राच निघालाय. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बंद आहे ना? गिअरबॉक्सला हात लावलेला नाहीस ना? मग तू वेळेत थांबलास. चेंबर उघडू नकोस. ‘आता हेड काढलंच आहे तर पिस्टनही बघून घ्या’ असं सांगणारा मिस्त्री भेटेल. त्याला चहा पाज आणि घरी पाठव.

आधी ते घमेलं रिकामं कर. बरण्या घे, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लाव. इंटरनॅशनल बी-२७५ मुळात इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याचं मॉडेल, म्हणून त्याचा कारभार सुताचा आहे, मिलिमीटरचा नाही. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३चा पाना लागल्यासारखा वाटतो, आणि दोनदा घसरला की नटाचे कोपरे गोल होतात. बोल्टाचंही तसंच. मिलिमीटरचा बोल्ट सुताच्या भोकात घातला की दोन आटे धरतो, तिसऱ्याला जड जातो, आणि आपण जोर लावला की भोकाचे आटे खाऊन टाकतो. हाताने शेवटपर्यंत जाईना तो बोल्ट त्या भोकाचा नाही असं समज.

मग इंजिन हाताने फिरतंय का बघ. फिरत नसेल तर चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओत आणि आठ दिवस वाट बघ. पुढच्या पुलीला हलकं मागे-पुढे करत सोडव. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून गिअरमध्ये ओढू नकोस. जाम इंजिन ओढलं की रॉड वाकतो, आणि मग तुला चेंबर उघडावंच लागेल.

हेड कोल्हापूरला उद्यमनगरात ने. तिथे फेस बघून व्हॉल्व्ह बसवून देतील, आणि बाजारात न मिळणारा एखादा बुश हवा असेल तर लेथवर करूनही देतील. नोझल टेस्टिंगला दे. डिझेल पंपाला मात्र हात लावू नकोस, त्याच्या पाइपांची तोंडं स्वच्छ फडक्याने बांधून ठेव. पुशरॉड आठ आहेत. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ओळीने उभे कर. नोझलखालचा तांब्याचा वायसर जुना निघाला का, हे बॅटरी मारून बघ. माझा एक आत चिकटून राहिला होता, मी वर नवा घातला, आणि इंजिन का फुसफुसतंय ते शोधण्यात महिना घालवला. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळायचे. पहिल्या फेरीत कुठलाही पूर्ण आवळायचा नाही. हेड बसलं, टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट नेमकी केली, डिझेलमधली हवा काढली, हीटर देऊन सेल्फ मारला आणि इंजिन धरलं, तर तुझं एक काम बंद झालं. मग दुसरं. आधी नाही.

चुलते ‘जुनं लोखंड’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. १९५९ला फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, त्याच्या आधी बाहेरून आलेल्या ट्रॅक्टरांवरच आपली मदार होती. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यात हा बी-२७५ बनायला लागला. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, पुढचे आठ गिअर. त्या काळात पैसे हातात असूनही नाव नोंदवून वाट बघावी लागे. तुझ्या आजोबांनी ती बघितली. आज नव्या महिंद्राच्या बोनेटवर २७५ आकडा दिसतो, तो इथून गेलेला आहे.

हॉटेलवाल्याला सांग, ट्रॅक्टर सुरू झाल्यावर ये. उघडलेल्या ट्रॅक्टरला भंगाराचाच भाव येतो, आणि उघडलेल्या ट्रॅक्टरपुढे बसून घेतलेला निर्णयही तसलाच निघतो. आधी बंद कर. विकायचाच असेल तर चालता विक.

रंगाचं तू दोनदा लिहिलंस, त्याचा मला राग आला. लाल रंगाचा डबा आणूनही ठेवलास म्हणे! रंग शेवटी. सगळ्यात शेवटी. आणि तेव्हाही इंजिनावर आणि चॅसीवर ठोकलेला नंबर ग्राइंडरने घासू नकोस, त्यावर लांबी (पुट्टी) भरू नकोस. आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर असेल. वारसाने नावावर करून घेताना आणि फिटनेसला तो नंबर वाचता आला पाहिजे. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले, पण ते दुचाकी आणि मोटारींपुरते. ज्या यंत्राने या देशाची जमीन नांगरली त्याला त्यात जागा मिळाली नाही, याची मला खंत आहे. तेव्हा तुझा ट्रॅक्टर कागदावर साधा ट्रॅक्टरच राहणार, आणि कागद साध्या ट्रॅक्टरसारखे चोख लागणार.

माझा आताचा बी-२७५ मी २००४ला घेतला. सहा वर्षं लागली. एका साली ब्रेक, एका साली क्लच, एका साली स्टिअरिंग. प्रत्येक हंगामात तो बंद झालेला असायचा, म्हणजे जोडलेला आणि चालता, आणि उसाचं बेणं त्यानेच वाहिलं. २०१०च्या दसऱ्याला रंग दिला. तुझी काकू म्हणते की तेवढ्या पैशात दोन तोळे जास्त झाले असते. झाले असते. भावकीत म्हणतात, नव्या ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट झालं असतं. तेही झालं असतं. मी त्यांना हिशेब दाखवत बसत नाही. वडील ओट्यावर बसले होते ते त्यांच्यातल्या कुणी पाहिलं नाही, मी पाहिलंय. हा ट्रॅक्टर माझ्या हातून काट्यावर जाणार नाही, याला कुणी हट्ट म्हणावं.

तू मात्र माझ्यासाठी काही करायला जाऊ नकोस. तुझं वय नोकरी शोधायचं आहे, ते आधी बघ. रविवारचा अर्धा दिवस पुरे. पण त्या अर्ध्या दिवसात एकच काम, आणि संध्याकाळी शेडचं दार लावताना ते बंद झालेलं असलं पाहिजे. या रविवारी फक्त बरण्या.

हेडखाली गॅस्केट घालशील तेव्हा वरच्या बाजूचा फोटो आधी पाठव, मगच नट धर. टॅपेटचा गेज तुझ्याकडे नसणार. माझा उद्याच्या एसटीने पार्सल करतोय, कंडक्टरकडून घे. गेजची पातळ पानं पुसून, तेलाचा हात फिरवून परत पाठव; दिवाळीनंतर मला लागेल.

तुझा
काका