‘स्लीपर लॉब्स्टर’ला मराठीत काय म्हणावं?

मुंबईतल्याच एका वाचक भगिनींनी विचारलंय: ‘माझ्या नववीतल्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी एका छोट्या स्लीपर लॉब्स्टरची माहिती मराठीत लिहायची आहे. लॉब्स्टर म्हणजे शेवंड, एवढं शब्दकोशात मिळालं. मग स्लीपर लॉब्स्टर म्हणजे चप्पल शेवंड का? तिच्या मैत्रिणीने झोपाळू शेवंड असं लिहिलंय. यातलं बरोबर कोणतं?’

थोडक्यात उत्तर असं की मी ‘चपटी शेवंड’ लिहीन. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या एका नावात बरंच काही दडलेलं आहे.

आधी ‘झोपाळू’चं पाहू. त्या मैत्रिणीची चूक समजण्यासारखी आहे. देवनागरीत ‘स्लीपर’ लिहिलं की मुंबईच्या माणसाला रुळाखालचे स्लीपर आठवतात, नाहीतर लांबच्या गाडीचा स्लीपर डबा. दोन्ही ठिकाणी मुळात झोपणं, आडवं पडणं आहे. इथला शब्द मात्र पायातला. तो आपण बोलताना ऱ्हस्व करतो: ‘स्लिपर घालून खाली जाऊन ये.’ म्हणून मूळ नाव तसंच ठेवायचं असेल, तर निदान ‘स्लिपर लॉब्स्टर’ असं ऱ्हस्व लिहावं. दुसरं म्हणजे हा प्राणी दिवसा खरोखरच वाळूत किंवा खडकांच्या फटीत दडी मारून बसतो आणि रात्री खायला बाहेर पडतो. त्यामुळे ‘झोपाळू’ वाचणाऱ्याला ते नाव पटेलही, आणि चुकीचा अर्थ खरा वाटू लागेल. ते टाळलेलंच बरं.

आता चप्पल. इंग्रजीतली स्लिपर पुढून बंद, टाच उघडी, बसकी. या प्राण्याचं अंगही तसंच: पुढे रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, वरून दाबल्यासारखं. आपली चप्पल म्हणजे तळ आणि पट्टे. चप्पल म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्याचा या आकाराशी मेळ बसत नाही. पादत्राणच हवं असेल तर मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: सपात. पुढून झाकलेली, मागून मोकळी ती सपात. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘सापातो’वरून आला. आणि तिकडे पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्ये याच कुळातल्या प्राण्यांना ‘लागोस्ता सापाता’ म्हणतात! म्हणजे ‘सपात शेवंड’ असं कुणी लिहिलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण आज नववीतल्या किती मुलांना सपात माहीत असेल? आणि एक अडचण आणखी. सपात आणि सपाट यांत एका अक्षराचा फरक. टंकताना ‘त’चा ‘ट’ झाला तरी वाक्याला अर्थ राहील आणि चूक कुणाच्या लक्षात येणार नाही.

जगभरच्या भाषांनी या प्राण्यात काय काय पाहिलं, ते पाहण्यासारखं आहे. फ्रेंच याला समुद्रातला रातकिडा म्हणतात, आपण सिकाडा म्हणतो तो झाडावर किर्र करणारा. इटालियन आणि स्पॅनिश माणसांनाही तोच दिसला. जपानीत ‘सेमि एबी’, म्हणजे पुन्हा तोच किडा, फक्त कोळंबीच्या जातीतला. हजारो मैलांवरच्या माणसांना एकच साम्य दिसावं, याचं मला फार नवल वाटतं. ऑस्ट्रेलियात सरळ ‘बग’ म्हणतात. तिथल्या खानावळींतला ‘मोरेटन बे बग’ हा आपल्या अरबी समुद्रातल्या मोठ्या चपट्या शेवंडीचा सख्खा भाऊ, दोघांची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) थेनस.

जर्मनांना मात्र अस्वल दिसलं. ‘बेरेनक्रेब्स’ म्हणजे अस्वल-खेकडा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली भूमध्य समुद्रातल्या एका लहान जातीला ‘कँसर आर्क्टस’ नाव दिलं, त्याचाही अर्थ तोच. आर्क्टस हे ग्रीक ‘आर्क्टोस’, म्हणजे अस्वल. आर्क्टिक हा शब्दही त्याच्यातलाच, कारण उत्तरेच्या आकाशातल्या ताऱ्यांच्या पुंजक्याला ग्रीक लोक अस्वल म्हणत. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं. या आर्क्टोसचं संस्कृत भावंड म्हणजे ऋक्ष. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ऋग्वेदात ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा’ या ऋचेत वर आकाशात ठेवलेले ते ऋक्ष म्हणजे तारे. बरेच जण ते सप्तर्षी मानतात. म्हणजे ससून डॉकच्या टोपलीतल्या बोटाएवढ्या प्राण्याचं शास्त्रीय नाव आपल्याला थेट सप्तर्षींपर्यंत नेऊन सोडतं.

तुमच्या मुलीच्या प्रकल्पातली जात बहुधा ‘पेट्रार्क्टस रुगोसस’ असावी, कारण भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळणारी लहान चपटी शेवंड म्हणून तिचंच नाव पुढे येतं. पेट्रा म्हणजे खडक, पुढचं अस्वल आपण पाहिलंच, आणि रुगोसस म्हणजे सुरकुतलेला, खडबडीत. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न एडवर्ड्स यांनी १८३७ साली तिचं वर्णन केलं तेव्हा ती ‘सिलॅरस’ या प्रजातीत होती. डच शास्त्रज्ञ होल्टहुइस यांनी २००२ साली त्या एका मोठ्या प्रजातीचे तुकडे केले, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या नावात अस्वल तेवढं ठेवलं: पेट्रार्क्टस, गॅलिआर्क्टस, बायार्क्टस, चेलार्क्टस. जुन्या पुस्तकात ‘सिलॅरस रुगोसस’ दिसलं तर गोंधळून जाऊ नका, प्राणी तोच.

मी ही जात हातात घेऊन पाहिली आहे. ससून डॉकला पहाटे जाळी रिकामी होतात, तेव्हा कोळंबी आणि मांदेली निवडून झाल्यावर खाली जो बारीक ऐवज उरतो, त्यात होती. मी आधी शिंपल्याचा तुटका तुकडा समजलो. लांबी माझ्या तर्जनीएवढी, सहा सेंटिमीटरच्या आत. पाठ अशी की कुणी बारीक छिन्नीने नक्षी कोरून अर्धवट सोडली आहे. रंग ओल्या मातीचा. तोंडापुढे चार पातळ फाळ, कडेला करवतीसारखे दाते. त्यांच्या मागे खोबणीत बसवलेले दोन काळे डोळे. नांगी कुठेच नाही. निवडायला बसलेल्या मावशींना विचारलं, “मावशी, हिला काय म्हणता?” त्यांनी वर न बघता सांगितलं, “शेवंडच हाय ती, दादा. पन चपटी. काटं नाय, मिशा नाय.” आणि ती पुन्हा खताच्या मासळीत टाकली, कारण एवढ्या लहान जिवात खाण्याजोगं मांस ते किती असणार.

मावशींच्या त्या तीन तुटक वाक्यांत जे वर्गीकरण आहे, ते पुस्तकातल्या वर्गीकरणाच्या फार जवळ जातं. म्हणून मला ‘शेवंड’ हा शब्द सोडायचा नाही. इंग्रजीत नुसतं लॉब्स्टर म्हटलं की आधी आठवतो तो अटलांटिकच्या थंड पाण्यातला, दोन जाडजूड नांग्यांचा. तो आपल्या किनाऱ्याच्या उथळ पाण्यात नाही. आपली शेवंड म्हणजे काटेरी पाठीची, लांब मिशांची, बिननांगीची. मुंबईच्या बाजारात येणारी बहुतेक शेवंड ‘पॅन्युलिरस पॉलिफेगस’ या जातीची. ही काटेरी आणि ती चपटी, दोघी ‘अकेलाटा’ गटातल्या. ‘केले’ म्हणजे नांगी, आणि आधीचा ‘अ’ आपल्या अभाव, अशक्त यांतल्या ‘अ’सारखाच नकाराचा. नांगीवाला लॉब्स्टर या दोघींचा दूरचा नातेवाईक. म्हणजे इंग्रजीत ‘लॉब्स्टर’ या एका शब्दात जवळची आणि दूरची नाती एकत्र कोंबली आहेत, तर मराठीत ‘शेवंड’ म्हटल्यावर नेमकी सख्खी नाती तेवढी हाती लागतात. (नांगी अगदीच नाही असं मात्र नाही. मादीच्या शेवटच्या पायाच्या टोकाला इवलासा चिमटा असतो. पोटाखाली धरलेली अंडी साफ ठेवण्यासाठी तो कामाला येतो.)

मग त्या पुढच्या फाळांचं काय? त्याच तर मिशा! काटेरी शेवंडीच्या ज्या चाबकासारख्या मिशा, त्याच चपटीत रुंद होऊन पातळ पाळ्या झाल्या आहेत. मावशी ‘मिशा नाय’ म्हणाल्या ते दिसण्यापुरतं अगदी बरोबर. शरीररचनेच्या हिशेबात मात्र मिशा आहेत, पण रूप बदलून. मुलीच्या प्रकल्पात हे वाक्य जरूर असावं. संकट आलं की शेपटी पोटाखाली झपकन ओढून ही मागच्या मागे उसळी मारते, तेव्हा या पाळ्या सुकाणूसारख्या दिशा धरायला उपयोगी पडतात.

ती राहते कुठे, हेही नावाशी जोडलेलं आहे. चिखल आणि वाळूचा सपाट तळ, साधारण २० ते ६० मीटर खोल. तांबड्या समुद्रापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत अशा तळांवर ती पसरली आहे. अशा जागी उंच पाठ घेऊन राहिलं तर लपणार कुठे? अंग चपटं, पाठ खडबडीत, रंग मातीचा. थोडी वाळू अंगावर घेतली की झालं. याच तळावर आणखी एक चपटं जनावर असतं, आणि त्याच्याच नावावरून मला माझं उत्तर सापडलं.

ते म्हणजे लेप. इंग्रजीत त्या माशाला ‘सोल’ म्हणतात. मुळात लॅटिन ‘सोलेआ’, म्हणजे वहाण. तिकडच्या लोकांना त्या चपट्या माशातही पादत्राणच दिसलं. आपल्या लोकांना दिसला लेप, तळाला थापून बसवलेला. किती नेमकं पाहणं आहे ते! इंग्रजी पुस्तकात सोल आला म्हणून आपण त्याला ‘तळवा मासा’ म्हणत नाही, मासळीवालीकडे जाऊन लेपच मागतो. हाच न्याय स्लिपर लॉब्स्टरला का लावू नये? ज्या अंगावरून इंग्रजीला सपात सुचली, ते चपटेपण मराठीत सरळ सांगता येतं.

नाव वेगळं हवं, याला बाजारातलंही एक कारण आहे. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी शेवंडींचं किमान वजन ठरवलं. पॉलिफेगस ३०० ग्रॅमची हवी, आणि मोठी चपटी, म्हणजे थेनस, १५० ग्रॅमची. दोघींना नुसतं ‘शेवंड’ म्हटलं तर कोणता आकडा कुणाचा? मुंबईजवळच्या समुद्रात १९८० च्या दशकात ही मोठी चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत मुबलक येत असे, आणि १९९४ च्या सुमारास ती जवळजवळ नाहीशी झाली. तळ खरवडत जाणारी जाळी, पोटाखाली अंडी असलेल्या माद्यांचीही सर्रास पकड. शेवंडीवर मराठीत लिहिताना कोणती संपली आणि कोणती राहिली हे सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी दोघींना दोन नावं लागतात.

मोठीला ‘मोठी चपटी शेवंड’ आणि तुमच्या मुलीच्या छोटीला ‘खडबडीत चपटी शेवंड’ म्हणता येईल. रुगोससचा अर्थही त्यात येतो. लिंगाचं म्हणाल तर मी बाजारात ‘ती शेवंड, त्या शेवंडी’ असंच ऐकत आलोय, म्हणून ‘छोटा’ नको.

प्रकल्पात एक शब्द अडेल तो ‘फायलोसोमा’. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. काचेच्या पानाला लांब पाय फुटावेत तसं पारदर्शक, पातळ, पाण्यावर तरंगणारं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो निराळाच प्राणी समजला गेला आणि हे नाव पडलं: फायलॉन म्हणजे पान, सोमा म्हणजे देह. या कुळातली काही पिल्लं तर जेलीफिशला धरून तिच्याबरोबर वाहत जातात. मराठीत ‘पानअळी’ लिहू नका, ती झाडावरची वाटेल. ‘पर्णदेही डिंभ’ चालेल. डिंभ म्हणजे लार्वा, हा शब्द शाळेच्या जीवशास्त्रात ओळखीचा आहे. चेन्नईजवळच्या कोवलम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत खडबडीत चपटीची ही पिल्लं अंड्यापासून वाढवली गेली आहेत. महिन्याभराच्या आसपास ती पानासारखी राहतात, मधे मधे कात टाकतात, आणि मग एका कात टाकण्यात एकदम चपटी होऊन तळाला जातात.

तेव्हा प्रकल्पाचं पहिलं वाक्य असं लिहायला सांगा: ‘खडबडीत चपटी शेवंड ही बोटाएवढी, बिननांगीची शेवंड असून ती समुद्राच्या वाळू-चिखलाच्या तळावर राहते. तिच्या मिशा रुंद पाळ्यांसारख्या असतात.’ खाली पेट्रार्क्टस रुगोसस हे शास्त्रीय नाव द्यावं. आणि जमलं तर एखाद्या रविवारी पहाटे मुलीला ससून डॉकला घेऊन जा. जाळ्याच्या तळाशी उरलेल्या बारीक मासळीत, तुटक्या शिंपल्यासारखं काही दिसलं तर उलटं करून पाहायला सांगा.