‘पेडिग्री’ या शब्दाचा अर्थ आणि उगम काय?

‘पेडिग्री असलेला कुत्रा’ म्हणजे उंची जातीचा कुत्रा, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला असला, तरी पेडिग्री म्हणजे जात नव्हे. एखाद्या जनावराचे आईबाप, आजे-आजी आणि त्यांच्याही मागच्या पिढ्या यांची लेखी नोंद, म्हणजेच वंशावळ, असा तिचा नेमका अर्थ आहे. कुत्रा दिसायला कितीही जातिवंत असला, तरी नोंद नसेल तर पेडिग्री नाही.

शब्दाचा उगम मात्र मोठा गमतीदार आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘पिए द ग्रू’ म्हणजे क्रौंच पक्ष्याचा पाय. माणसांच्या वंशावळी लिहिताना बापाच्या नावापासून मुलांच्या नावांपर्यंत ओढलेल्या, खाली फाकत जाणाऱ्या रेघा चिखलात उमटलेल्या पक्ष्याच्या पावलासारख्या दिसत, म्हणून त्या खुणेचेच नाव वंशावळीला पडले आणि पंधराव्या शतकात ते इंग्रजीत आले. जनावरांसाठी तो शब्द पुढे वापरात आला.

शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत ही नोंद सर्वांत काटेकोर मानावी लागेल: इंग्लंडमध्ये 1791 पासून छापील वंशपुस्तक असून, आजच्या सर्व थरोब्रेड (शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या) घोड्यांची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीनच घोड्यांपर्यंत पोहोचते.

मराठीत यासाठी ‘वंशावळ’ हाच शब्द योग्य. ‘अवलाद’ इथे चालणार नाही; त्याचा अर्थ संतती, आणि हल्ली तो शब्द बहुधा शिवीतच ऐकू येतो.