तुमचे प्रश्न : गरी विसर, लाईन फेक

प्रश्न : काका, मी मूळचा देवगडचा, खाडीत गरवायची सवय लहानपणापासून, कोळंबी लावून तांबोशी वगैरे भरपूर काढलीय. मे महिन्यात आम्ही चार मित्र हिमाचलला तीर्थन व्हॅलीत चाललोय आणि तिथे ट्राऊट फ्लाय फिशिंगनेच धरायचे असं डोक्यात बसलंय. व्हिडिओ बघून नऊ फुटी रॉड घेतला, सोसायटीमागच्या ग्राउंडवर ट्राय केलं तर लाईन पायाशीच गोळा होते, नाहीतर मागून कानाला येऊन लागते. एवढी वर्षं गरवतोय, मग चुकतंय कुठे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अरे, एवढी वर्षं गरवलंस तेच आडवं येतंय. खाडीत तू शिसं बांधून भिरकावतोस, शिसं पुढे पळतं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याच्या मागे जातो. इथे सगळं उलटं. फ्लाय म्हणजे पिसं नि दोरा गुंडाळलेला इवलासा हूक, वजन नाहीच, तो स्वतःहून कुठे जाणार? वजन असतं त्या जाड रंगीत लाईनला, लाईन जाते आणि माशी तिच्या शेपटाला धरून जाते. (माशाला माशी, हो, आमच्याकडे सगळे जोक करून झालेत.) तेव्हा आधी बघ, रीलवर साधा तंगूस तर भरला नाहीस ना? हसू नकोस, मी केलंय. रॉडवर 5 लिहिलं असेल तर लाईनही 5 नंबरचीच, तरंगणारी घे. पुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे लाईन आणि माशीच्या मधला दोरा, त्याच्या टोकाला 4एक्स किंवा 5एक्सचा (ही दोऱ्याची जाडी) टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक दोरा, आणि इथे आकडा वाढला की दोरा बारीक होतो हे लक्षात ठेव, हुकाचंही तसंच, 16 नंबर 12 पेक्षा छोटा.

आता कानाला लागतंय ते का? तू मागे नेऊन लगेच पुढे फेकतोस. घड्याळ डोळ्यासमोर आण. पुढे दहा, मागे एक, एवढ्यातच रॉड फिरवायचा आणि दोन्हीकडे एकदम थांबवायचा, भिंतीत खिळा ठोकताना हातोडी थांबते तसा. मागे थांबलास की लाईन पूर्ण सरळ होईपर्यंत काहीच करायचं नाही, मान वळवून बघ बिनधास्त. चाबकासारखा फट्ट आवाज आला तर समज घाई झाली, नदीवर असतास तर त्या फट्टबरोबर माशी तुटून गेली असती. मनगट कडक, कोपर अंगाजवळ. ग्राउंडवर हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांध म्हणजे सोसायटीतली पोरं वाचतील. आणि वीस-पंचवीस फूट नीट पडायला लागली की बास, लांब टाकायचा हट्ट सोडून दे.

लांब का नको ते सांगतो. पहिल्यांदा तीर्थन व्हॅलीतल्या गुशैनीजवळ नदीत उतरलो तेव्हा मी मांडीभर पाण्यात जाऊन समोरच्या काठावर माशी पोचवायचा आटापिटा करत होतो, पाय बधिर, खांदा दुखतोय, तासभर काही नाही. काठावर बसलेला तिथला एक पोरगा शेवटी न राहवून म्हणाला, "साब, मछली जहाँ थी वहाँ तो आप खड़े हो." ट्राऊट धारेच्या मधोमध उगाच दमत बसत नाही रे, दगडाच्या आडोशाला, वेगवान नि संथ पाणी जिथे घासून जातं त्या शिवणीवर उभा राहतो, तोंड प्रवाहाकडे, वरून वाहत येईल ते खायचं. म्हणून तू प्रवाहाच्या खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचं, भडक शर्ट नको, आणि पाय ओले करायच्या आधी काठाजवळचं पाणी संपवायचं.

माशी पडली की ती पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधली धार लाईनला ओढते, माशी पाण्यावर रेघ काढत पळते आणि ट्राऊटला कळतं की हे काही खरं नाही. ते होऊ नये म्हणून रॉडच्या टोकाने लाईनचा पोटाचा भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा, याला मेंडिंग म्हणतात आणि निम्मं फ्लाय फिशिंग हेच आहे. सुरुवातीला निम्फ लाव, म्हणजे पाण्याखाली बुडणारी, कारण ट्राऊटचं बहुतेक खाणं खालीच चालतं. वर टपटप तोंडं दिसायला लागली तरच ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी. लागला की खाडीतल्यासारखा हिसका मारू नकोस, टिपेट गेलाच समज. रॉड नुसता उचल, आणि मासा पळाला तर पतंगासारखी ढील दे.

प्रश्न : त्याच ग्रुपमधला दुसरा मी. परमिशन वगैरे लागते का? मे महिना बरोबर आहे ना?

उत्तर : लायसन्स लागतं, हिमाचलच्या मत्स्य विभागाचं, होमस्टेवाले कुठे मिळतं ते सांगतात. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, माशांचा विणीचा हंगाम. मे चालेल, फक्त वर बर्फ वितळत असतं, दुपारनंतर पाणी चढतं नि गढूळ होतं, तेव्हा सकाळ धरा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. आणि धरणाच्या खाली, लारजीच्या बाजूला वगैरे, पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, पाणी कधी सोडतील नेम नाही.

प्रश्न : (तोच) मिळाला तर खायचा की सोडायचा?

उत्तर : नदीतला हा ब्राउन ट्राऊट मूळचा इथला नाहीच, इंग्रजांनी आणलेला, कुलू खोऱ्यात 1909 साली हॅचरी काढून वाढवला. तरी मी सोडतो. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून टाक, हात ओले करून धर, फोटो एकच आणि तोही पाण्यालगत, मग प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेव, तो स्वतः सुटून जाईल. खायला फार्मवरचा रेनबो ट्राऊट मिळतो, होमस्टेत छान भाजून देतात. फक्त कोकमाचं आगळ घरून ने, तिथे लिंबावरच भागवावं लागतं.